सारखंच लांब

निर्देशक भूमितीतलं एक उदाहरण मी नोकरीभर शिकवत आले. दोन बिंदू दिले आहेत, दोन्हींपासून सारख्या अंतरावर असणाऱ्या बिंदूंची रेषा काढा. मुलं म्हणायची, बाई, हे सोपं आहे. सोपंच आहे. दोन बिंदूंचा मध्यबिंदू काढायचा, त्यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढायचा, तो उलटा करून त्याचं चिन्ह बदलायचं, की लंबाचा चढ मिळाला. समीकरण मांडायचं, संपलं. हे फळ्यावर लिहिताना माझ्या हातात हमखास खडू मोडायचा. मुलांना वाटायचं, बाईंचा हात जड आहे. हात जड नव्हता, डोकं तापलेलं असायचं. ज्या माणसाने मला हे उदाहरण शिकवलं, त्यानेच ते वापरून माझा केसाने गळा कापला, आणि वर सगळ्या वाडीच्या टाळ्या घेतल्या.

मी लालबागची. आमच्या वाडीत दोन चाळी होत्या. आमची कोकणातल्या लोकांची, दुसरी घाटावरच्यांची, आणि मध्ये मोठं पटांगण. दोन्हीकडचे पुरुष गिरणीत, एकाच पाळीला, एकाच भोंग्यावर जाणारे. पण गावावरून एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय कोणाला जेवण जात नसे. पटांगणाच्या पुढे चार पायऱ्या उतरलं की मोठा रस्ता. रस्त्याच्या कडेला एक दुमजली इमारत होती, तिच्यात वरच्या मजल्यावर मास्तर राहायचे. खाली त्यांच्या मेव्हण्याचं चहाचं हॉटेल.

मास्तर परळच्या एका शाळेत गणित शिकवायचे. ना कोकणी, ना घाटी. मुंबईतच पिढ्या गेलेल्या घरातले, पांढरंशुभ्र धोतर, स्वच्छ बोलणं. आमच्या बाबांनी मला मॅट्रिकनंतर घरी बसवायचं ठरवलं होतं, तेव्हा हेच मास्तर आमच्या खोलीत येऊन बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "पोरगी हुशार आहे. इंटर सायन्सला घाला. गणिताची जबाबदारी माझी." बाबा गिरणीत साचेखात्यातले, मागावरचे, आयुष्यभर मुकादमाशी भांडलेले, पण मास्तरांपुढे त्यांचं काही चाललं नाही. एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणून. तुमच्या शब्दावर."

हे शब्द मी विसरले नाही. माझं कॉलेज मास्तरांच्या शब्दावर उभं होतं.

कॉलेजात सगळं इंग्रजीत. मी मराठी शाळेतली, पहिले काही महिने नुसती माना डोलावत होते. दुपारी मास्तरांकडे जायचे, आणि ते तेच सगळं मराठीत आणून द्यायचे. क्ष म्हणजे रस्त्याच्या कडेने किती चाललीस, य म्हणजे आत वाडीत किती शिरलीस. बिंदू म्हणजे पत्ता, गं, दुसरं काही नाही. त्यांनी असं सांगितलं आणि माझ्या डोक्यातलं जळमट साफ झालं. आणखी एक गोष्ट ते घोटून घ्यायचे. "मध्यबिंदू किती?" "एक." "आणि लंबदुभाजकावर बिंदू किती?" "अनंत." "सगळे दोन्हींपासून सारख्या अंतरावर?" "सगळे." "पण सारखं म्हणजे जवळ का?" "नाही मास्तर. सारखं जवळ असेल नाहीतर सारखं लांब." "शाबास. यात गफलत केलीस तर मार्क गेले समज." तेव्हा मला वाटायचं, असा गुरू नशिबाने मिळतो. वाटायचं कसलं, आईला तसं सांगितलंही होतं मी.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आज सभा, उद्या हरताळ, परवा कर्फ्यू. मास्तर वाडीतल्या चळवळीचे पुढारी. पटांगणात खोक्यावर उभे राहून बोलायला लागले की अंगावर काटा यायचा. मुंबई कोणाची, असं ते विचारायचे आणि दोन्ही चाळी एका आवाजात उत्तर द्यायच्या. सभा संपली की त्याच दोन्ही चाळी पाण्यावरून भांडायच्या.

पाण्याची रड अशी होती की मजल्यावरच्या मोरीतला नळ नुसता शीळ घालायचा. खरा नळ रस्त्यापलीकडे, नाक्यावर. एका कर्फ्यूत दोन्ही चाळींतलं पाणी संपलं. आई म्हणाली, मी पटकन जाऊन येते, हंडा-कळशी घेऊन रस्ता ओलांडून गेली. परत येताना कुठेतरी शिट्टी वाजली, ती घाबरून धावली आणि भरल्या हंड्यासकट पायरीवर पडली. कंबर जी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, बाई, आता वजन उचलायचं नाही. आईने त्यांना विचारलं, "मगे पाणी कोण हाडतलो? तुमी?" डॉक्टर हसले. आई हसली नव्हती, पाणी आणणार कोण, हे ती खरंच विचारत होती.

कोणी म्हणेल, तू काय करत होतीस? पाणी सकाळीच यायचं आणि सकाळीच माझं कॉलेज. ते एक वेळ मी जमवलं असतं. पण रस्त्यापलीकडच्या नाक्यावर पुरुष बसलेले असतात, तिथे पोरीने रांगेत उभं राहायचं नाही, ही आईची सक्त ताकीद होती. "थय बापये बसतत. तू येव नको." त्या काळी आईचा शब्द म्हणजे शब्द. मी वाडीच्या पायऱ्यांपर्यंत जायचे आणि तिथून हंडा माझ्याकडे घ्यायचे. तेवढंच.

तिच्या पडण्यानंतर दोन्ही चाळींनी मिळून म्युनिसिपालिटीकडे नळ मागितला आणि तो मंजूर झाला. एकच नळ, जागा तुम्ही एकमताने ठरवा. झालं, एकमत म्हटल्यावर आमच्याकडे युद्धच. आमचे म्हणणार, पडली आमची बाई, नळ आमच्या दाराशी. ते म्हणणार, बिऱ्हाडं आमची जास्त. हाणामारीपर्यंत आलं, तेव्हा मास्तर खोक्यावर चढले. "दिल्लीशी भांडायला निघालात आणि एक नळ तुम्हाला ठरवता येत नाही? भूमितीने ठरवू. दोन्ही दारांपासून सारखं अंतर. आणि गणित करणार ही, तुमच्यातली मुलगी." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

मोजायला टेप कुठली? नऊवारी लुगडं आणलं. आमच्या चाळीने आपलं आणलं, त्यांनी आपलं. दोन्ही शेजारी पसरली तर आमचं हातभर आखूड. लगेच गलका, कोकण्यांनी फसवलं. अरे बाबांनो, लुगडं धुतलं की आटतं, गिरणीत कापड विणणाऱ्यांना हे मी सांगायचं का? शेवटी समोरच्या चाळीतल्या एका काकूंचं कोरं लुगडं ठरलं, लेकीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेलं. दोन बायकांनी दोन टोकं धरली आणि काकू बरोबर चालत होत्या, ते कुठे मातीला लागत नाही ना हे बघत. मी रस्त्याच्या कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब शून्य धरला. रस्त्याच्या कडेने क्ष, आत वाडीकडे य. वीतभर इकडेतिकडे सोडून आकडे सरळ करून घेतले. आमचं दार आलं वीस, चाळीस. त्यांचं दार साठ, साठ. सगळे वारात.

घरी बसून मी सोडवलं. मध्यबिंदू चाळीस, पन्नास. दारांना जोडणाऱ्या रेषेचा चढ एक छेद दोन, म्हणजे लंबाचा चढ वजा दोन. मी तसं उत्तराला मध्यबिंदूच लिहिणार होते, त्याहून जवळची सारखी जागा कुठली असणार? मास्तरांना दाखवलं तर म्हणाले, "हे अर्धवट आहे. विचारलंय काय? सारख्या अंतरावरची जागा. मग पूर्ण रेषा लिही. नळ कुठे बसतो ते खणणाऱ्यांच्या सोयीने बघू, दगड लागला तर इंचभर सरकवता येईल." पटलं मला. न पटायला काय झालं, गणित बरोबरच होतं. मी लिहिलं, दोन क्ष अधिक य बरोबर एकशेतीस.

पण त्याआधी मी खडू घेऊन पटांगणात गेले होते. चाळीस, पन्नासवर एक फुटका रगडा पडलेला होता, वाटणाचा, कोणीतरी टाकलेला. त्याच्यावर फुली मारली आणि आईला हात धरून तिथे आणलं. म्हटलं, "आई, इथं येणार नळ." ती रगड्यावर बसली. आमच्या दाराकडे बघितलं, त्यांच्या दाराकडे बघितलं. मग रिकामा हंडा कमरेवर घेऊन तिथून घरापर्यंत चालून गेली, मध्ये एकही पायरी नाही. मागे वळून म्हणाली, "हयसून तर तू पण हाडशीत, चेडवा." तेच तर मला हवं होतं. पटांगणातल्या नळावर जायला मला कोणाची बंदी नव्हती. आईचा हंडा मी कायमचा काढून घेणार होते.

पुढच्या सभेत मास्तरांनी मला खोक्याशेजारी उभं केलं. म्हणाले, "गणित झालेलं आहे. नळ बसणार रस्त्याच्या कडेला, हॉटेलच्या बाजूला. दिव्याच्या खांबापासून पासष्ट वार." मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "मास्तर, मध्यबिंदू तर—" त्यांनी हात वर केला. शाळेत करतात तसा. "घाबरू नकोस, गं. तुझंच समीकरण आहे. क्ष पासष्ट, य शून्य. घाल त्यात. मोठ्याने सांग." दोन्ही चाळी बघत होत्या. पासष्ट दुणे एकशेतीस, अधिक शून्य, एकशेतीस. "बसतं?" "बसतं, पण—" "दोन्ही दारांपासून सारखं आहे की नाही, एवढंच सांग." मी सांगितलं, "सारखं आहे. पण साठ वार लांब आहे. मध्यबिंदूपासून बावीसच." माझं शेवटचं वाक्य टाळ्यांत बुडालं.

टाळ्या का वाजल्या, ते समजायला मला वेळ लागला. आपल्याला नळ लांब पडला याचं कोणाला दुःखच नव्हतं. समोरच्यांनाही तो तितकाच लांब पडला, यात दोन्ही चाळी खूश होत्या. आमच्या लोकांना मी पुरती ओळखत होते, पण मास्तर माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते. शिवाय रस्ता ओलांडायचा नाही म्हणजे आधीपेक्षा बरंच की, असंही लोक म्हणाले. पुन्हा कर्फ्यू लागला तर काय, हे कोणी विचारलं नाही. तो नळ मुळात कशासाठी मागितला होता, हे वाडी एका सभेत विसरली.

तरी मी मनाला समजावत होते. पाइप रस्त्याखालून येतो, आत आणणं जड असेल, मास्तरांचा नाइलाज असेल. मग खणायला माणसं आली. त्यांच्या मुकादमाला मी विचारलं, आत पटांगणात नाही का हो आणता येत? तो म्हणाला, "आम्ही आतच खणणार होतो, ताई. पाइप तेवढा आणलेला आहे. तुमच्या मास्तरांनीच इथं बोट दाखवलं." मी हॉटेलकडे बघितलं. मास्तरांचा मेव्हणा नव्या नळाच्या जागेसमोर कपबशा विसळायला फरशी बसवून घेत होता. सिमेंट आधीच कालवून तयार होतं.

मी तशीच जिना चढले. मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हटलं, "तुम्ही माझ्या आईला फसवलंत." त्यांनी चष्मा काढला. राग नाही, काही नाही. म्हणाले, "मी काय खोटं बोललो, दाखव. अंतर सारखं नाही?" मी म्हटलं, "सारखं लांब आहे." "मग? प्रश्न जवळचा नव्हताच. हे बघ, रस्त्यावर नळ असला तर मोर्च्याच्या लोकांनाही पाणी मिळेल. चळवळीत थोडं सोसायचं असतं." "सोसणार माझी आई, आणि पाणी तुमच्या हॉटेलला?" यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुझे बाबा अजूनही मला विचारतात, पोरीला पुढे शिकवू का म्हणून."

बस्स. एवढंच म्हणाले. मी खाली आले. त्या जिन्यावर मला जसं वाटलं तसं पुन्हा कधी वाटलं नाही. परका माणूस लुबाडतो तेव्हा चीड येते. ज्याने बोट धरून चालायला शिकवलं तो ढकलतो, तेव्हा आधी स्वतःचीच लाज वाटते, की आपण इतके कसे मूर्ख. मग मला त्यांची ती घोकंपट्टी आठवली. सारखं म्हणजे जवळ का? मार्कांसाठी शिकवलेला तो धडा त्यांनी माझ्यावरच वापरला होता. माझी वही तपासता तपासता त्या माणसाने रेषा रस्त्यापर्यंत ओढून बघितली होती, आणि ती कुठे जाऊन टेकते हे त्याला त्याच क्षणी दिसलं होतं.

घरी मी बोलले नाही. बोलले असते तर बाबा मास्तरांच्या दारात जाऊन भांडले असते, आणि माझं कॉलेज तिथेच संपलं असतं. आईला काय सांगू? नळ आला त्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू लावलं. रगड्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पायऱ्या उतरून रांगेत जाऊन उभी राहिली. मी पायऱ्यांपर्यंत गेले तर म्हणाली, "हॉटेलात माणसा आसत. तू थयच रव." म्हणजे पूर्वीचंच सगळं. चार पायऱ्या, साठ वार, आणि कंबरेवर पदर आवळून बांधलेला. एका शब्दाने तक्रार नाही. माझी आई काही मुकी गाय नव्हती. भाकरी करपली तर पिठाला, तव्याला आणि बाबांना एका दमात शिव्या देणारी बाई. नळाबद्दल मात्र कधी अवाक्षर काढलं नाही. मी समजले, तिने हे नशीब म्हणून घेतलं.

मास्तरांकडे मी पुन्हा गेले नाही. कॉलेजात वेळ मिळत नाही, असं घरी सांगितलं. इंटर पास झाले तेव्हा ते पेढे घेऊन आले. मी बाहेर आलेच नाही. आईने त्यांना चहा करून दिला, त्याच नळाच्या पाण्याचा.

मग महाराष्ट्र झाला. मी तोवर बी.एस्सी. होऊन दादरच्या एका शाळेत चिकटले होते. त्या दिवशी लालबागभर पताका, दिवे, गुलाल. आमच्या पटांगणात मंडप घातला होता आणि मास्तर भाषणाला. लढा, हौतात्म्य, सगळं बोलून झालं आणि मग म्हणाले, "एकी कशी असते ते बघायचं असेल तर आमचा नळ बघा. दोन चाळींपासून एक तसूभर इकडे नाही, तिकडे नाही. आणि त्याचं गणित या वाडीच्या लेकीने केलं." लोक मला पुढे ढकलायला लागले. आई शेजारीच होती. सगळ्यांत जोरात ती टाळ्या वाजवत होती.

मी उठले आणि सरळ खोलीवर आले. आई मागोमाग आली. "काय झाला गो? मास्तरांनी तुझा नाव काढल्यानी, आणि तू अशी?" मग मात्र माझा बांध फुटला. आता मला नोकरी होती, कोणाच्या शब्दाची गरज नव्हती. सगळं सांगितलं. मुकादम, फरशी, जिना, कॉलेजची धमकी. माझं उत्तर रगड्यापाशीच होतं, नळ तिथेच यायचा होता, तिथे आणता येत होता. त्याने आपल्या सोयऱ्यासाठी तो रस्त्यावर नेला, आणि नाव माझं लावलं.

आई भिंतीला टेकून खाली बसली. हात कंबरेवर होता, सवयीने. बाहेर कोणीतरी फटाके लावत होतं. मग म्हणाली, "म्हणजे तुझा उत्तर चुकूक नाय होता?"

"नाही. का?"

"माका वाटला, रगड्याकडचा चुकला, आणि मगे तू सुधारून रस्त्यार घातलंस. तुका वायट वाटात म्हणान मी कधी इचारूक नाय." ती लुगड्याच्या काठाशी चाळा करत होती. "चेडवाचा गणित आसा म्हणान हाडी होतंय. रोज."

मोरीतला हंडा रिकामा होता. आईने तो ओढून घेतला, भिंतीला धरून उठली आणि दारात थांबली.

"कशाक सांगलंस गो?" ती म्हणाली. "आता हंडो जड लागतलो."